जुन्या रायफलींच्या काडतुसांसाठी पुंगळ्या कशा निवडाव्यात?

नळी_१८९३

जुन्या काडतुसांच्या हातभरणीसाठी (घरी काडतूस भरण्यासाठी) पुंगळ्या, म्हणजे काडतुसाची पितळी कवचे, निवडताना नेमके काय पाहायचे, यावर जाणकारांची मते हवी आहेत. रायफली तीन: ३०३ ची ली-एन्फील्ड नंबर ४, ८×५७ माउझर आणि ५७७/४५० ची मार्टिनी-हेन्री. परवाना आणि हातभरणीची कायदेशीर परवानगी हा विषय ज्याने त्याने आपल्या देशातल्या नियमांप्रमाणे आधी मिटवायचा आहे, तेव्हा तो इथे नको. दारूच्या मात्राही नकोत, त्या छापील तक्त्यांतूनच घ्यायच्या आहेत. प्रश्न फक्त पितळेचा आहे. तयार पुंगळी मिळत असेल तर ती डोळे मिटून घ्यावी का? मिळत नसेल तर दुसऱ्या काडतुसाची पुंगळी कापून, दाबून केलेली कितपत चालते? आणि जुन्या लष्करी साठ्यातल्या पुंगळ्या वापराव्यात की भंगारात द्याव्यात?

पितळकार

एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा: पुंगळीची मान (गोळीला धरणारा भाग) बदलता येते, खांदा (मानेखालचा उतार) मागे-पुढे करता येतो, लांबी कापता येते, पण बूड बदलता येत नाही. त्यामुळे निवड नेहमी बुडापासून सुरू करायची. रिमच्या (बुडाच्या कडेच्या) लगेच वरचा व्यास, रिमचा व्यास आणि रिमची जाडी ही तीन मापे जुळली नाहीत, तर बाकी सगळे जुळूनही उपयोग नाही.

आणि माप पुंगळीचे घेण्याआधी चेंबरचे, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागेचे, घ्या. जुन्या रायफलीवर ठोकलेला शिक्का आणि आतले खरे चेंबर यांत फरक असू शकतो. नळी बदललेली असते, चेंबर पुन्हा कापलेले असते, गंजाने खाल्लेले असते. कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू चेंबरमध्ये ओतून ठसा काढा. सेरोसेफ हा असाच मिश्रधातू, तो ७१ ते ८८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतो. घशाच्या (चेंबर संपून नळी सुरू होते त्या जागेच्या) पुढे नळीत कापडाचा घट्ट बोळा बसवायचा, चेंबर स्वच्छ करून तेलाचा नुसता हात फिरवायचा आणि ओतायचे. थिजल्यावर लगेच बाहेर काढा, पण मोजायची घाई नको. हा धातू आधी आकसतो, मग फुगू लागतो आणि ओतल्यापासून साधारण तासाभराने चेंबरच्या खऱ्या मापाला येतो. त्याच वेळी मायक्रोमीटर लावा. दोन आठवड्यांनी तोच ठसा मोजलात तर आकडा मोठा येईल आणि तुम्ही चेंबरला उगाच दोष द्याल.

लेथवाला

सहमत. ३०३ बद्दल सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त पुंगळ्या वाया जातात त्या इथेच.

३०३ चा हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाच्या बुडाला मिळणारी जागा, रिमवर ठरतो. नंबर ४ साठी खालची मर्यादा ०.०६४ इंच आणि लष्करी वापरात वरची ०.०७४. बाजारातल्या बऱ्याच पुंगळ्यांची रिम मात्र ०.०५८ च्या आसपास भरते. म्हणजे वरच्या मर्यादेतल्या रायफलीत बोल्टचे तोंड आणि पुंगळीचे बूड यांत ०.०१६ इंच मोकळीक राहते, जवळजवळ ०.४ मि.मी. बार उडाला की दाबाने पुंगळीचे पुढचे पातळ अंग चेंबरच्या भिंतीला चिकटते, बूड मागे बोल्टवर आदळते आणि मधले पितळ ताणले जाते. ताण नेमका बुडापासून ८ ते १२ मि.मी. वर येतो, जिथे जाड बूड संपून पातळ भिंत सुरू होते. दर खेपेला हेच घडले की तिथे आतून खाच पडते आणि एके दिवशी बूड वेगळे होऊन हातात येते, पुढचा भाग चेंबरमध्येच अडकतो. हे जितके गंमतीशीर वाटते तितके नाही, गरम वायू मागे येतो.

म्हणून ३०३ ची पुंगळी निवडताना वजन किंवा चकाकी नंतर पाहा, आधी रिमची जाडी मोजा. पाकिटातल्या दहा पुंगळ्या घ्या, प्रत्येकीची रिम चार ठिकाणी मोजा. जाड रिमची बनावट मिळाली तर दोन पैसे जास्त गेले तरी तीच घ्या.

कानस

नंबर ४ मध्ये बोल्टचे डोके बदलता येते की. ० ते ३ असे क्रमांक असतात, क्रमांक वाढला की डोके लांब आणि हेडस्पेस कमी. मोठ्या क्रमांकाचे डोके लावा, प्रश्न मिटला.

लेथवाला

अर्धाच मिटतो. डोके बदलून रिमकडची मोकळीक कमी होते, खांद्याकडची नाही. चिखल-मातीतही काडतूस सरकून आत जावे म्हणून लष्करी ३०३ चेंबर मुद्दाम ऐसपैस ठेवलेले असतात. नवी पुंगळी आत गेली की तिचा खांदा चेंबरच्या खांद्यापासून बराच मागे राहतो. पहिल्या बारात खांदा पुढे ढकलला जाणारच. त्यानंतर तुम्ही पूर्ण डायमध्ये (सगळी पुंगळी दाबून मापाला आणणाऱ्या साच्यात) दाबून तो पुन्हा मागे नेलात, की पुढच्या बारात पुन्हा ताण. तीन-चार वेळा असे केले की खाच तयार. शिवाय ली-एन्फील्डचे लॉकिंग लग (बोल्टला अडकवणारे खुंट) मागे आहेत, त्यामुळे बारच्या क्षणी बोल्ट आणि रिसीव्हर थोडे लवचीक वागतात. हे डोक्याच्या क्रमांकाने सुटत नाही.

त्यावर उपाय पहिल्या बारातच करायचा. पुंगळीच्या रिमला लागून पुढे एक पातळ रबरी ओ-रिंग चढवा, अंगावर घट्ट बसेल अशी (३०३ चे बूड साधारण ११.७ मि.मी. आहे). बोल्ट बंद करताना रिंग चेपली जाते आणि पुंगळीला मागे बोल्टवर दाबून ठेवते. मात्रा तक्त्यातली सुरुवातीची. बार झाला की खांदा पुढे जाऊन चेंबरला टेकतो आणि बुडाजवळचे पितळ फारसे ताणले जात नाही. त्या क्षणापासून ती पुंगळी खांद्यावर टेकते असे समजा, रिम केवळ ओढून काढण्यापुरती उरते. पुढे फक्त मान दाबायची.

एक अट आहे. अशी पुंगळी त्या एकाच रायफलीची. दुसऱ्या ३०३ मध्ये ती जाईलच असे नाही. दोन रायफली असतील तर दोन डबे ठेवा.

नळी_१८९३

आतली खाच बाहेरून ओळखायची कशी? काही पुंगळ्यांवर बुडाच्या वर चकाकणारा पट्टा दिसतो. त्या सगळ्या टाकायच्या का?

कानस

नुसता चकाकणारा पट्टा म्हणजे खाच नव्हे. डाय जिथवर पोचते तिथेही तसा पट्टा उमटतो. कागदाची क्लिप सरळ करा, टोकाचा दोन-तीन मि.मी. भाग काटकोनात वळवा आणि कानशीने अणकुचीदार करा. तार तोंडातून आत घालून टोक बुडापर्यंत न्या आणि भिंतीला टेकवून हळू वर ओढा. खाच असेल तर टोक तिथे अडखळते, बोटाला स्पष्ट कळते. शंका असेल तर त्या गटातली एक पुंगळी उभी चिरा, आतली भिंत उघडी दिसते. एकीत खाच सापडली तर तेवढ्याच बारांच्या तिच्या जोडीदारणीही संपल्या असे धरा.

काळीदारू

मार्टिनीकडे कुणी वळलेच नाही, म्हणून मी वळतो. ५७७/४५० हे १८७१ चे काडतूस. मूळ पुंगळी पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली होती, ओढीव पितळ नंतर आले. तयार ओढीव पुंगळ्या मिळतात, महाग असतात. त्यामुळे बरेच जण २४ गेजच्या शॉटगनची पूर्ण पितळी पुंगळी घेऊन घडवतात. ती अडीच इंच लांब असते, मार्टिनीला साधारण २.३५ इंच लागते, म्हणजे कापायलाही वाव राहतो. १८६६ च्या ५७७ स्नायडरलाही हीच पुंगळी दोन इंचांच्या आसपास कापून चालते. तिथे काम सोपे, कारण बाटलीसारखा खांदा नाही.

मार्टिनीचा खांदा लांब आणि उतरता आहे, आणि मान ५७७ वरून ४५० वर आणायची आहे. एका दमात डायमध्ये घुसवलेत की सुरकुत्या पडतात. क्रम असा ठेवा: आधी पुढचा अर्धा-अधिक भाग तापवून मऊ करा, मग पायरीपायरीच्या फॉर्मिंग डायमधून न्या, मध्ये पुन्हा एकदा तापवा, शेवटी लांबी कापा. सुरकुती आडवी असेल तर तापवण कमी पडली किंवा पायरी फार मोठी होती. खांद्यावर गोल खळगा असेल तर ग्रीस जास्त झाले. अडकलेले ग्रीस दबत नाही, पितळच आत दबते. बारीक खळगा बार उडाल्यावर निघून जातो, उभी घडी पडली असेल तर ती पुंगळी फेकून द्या, तिथेच चिरणार.

२४ गेजचे पितळ पातळ असते. ते काळ्या दारूपुरतेच. या पुंगळीत आणि या रायफलीत धूरविरहित दारूचा विचारही नको.

मोजपट्टी

८×५७ बद्दल. तयार पुंगळी सहज मिळते, त्यामुळे ३०-०६ या अमेरिकी काडतुसाची पुंगळी कापून करण्याची गरज क्वचितच पडते. तरीही करायची असेल तर कुठे फसते ते सांगतो, कारण ७×५७ आणि ७.६५×५३ लाही हेच लागू आहे. तिन्हींचे बूड ३०-०६ शी जुळते.

गोची मानेत आहे. ३०-०६ ६३ मि.मी. लांब, तुम्हाला हवी ५७. नवी मान जुन्या मानेतून येत नाही, ती जुन्या खांद्यातून आणि अंगाच्या वरच्या भागातून येते आणि तिथली भिंत जाड असते. समजा तुमच्या ठशावर चेंबरच्या मानेचा व्यास ९.१० मि.मी. आला. गोळी ८.२० मि.मी. भिंत ०.३८ असेल तर भरलेली मान ८.२० + ०.७६ = ८.९६, ठीक आहे. भिंत ०.४८ असेल तर ९.१६. म्हणजे काडतूस आत जाणारच नाही, आणि बोल्ट जोर लावून बंद केलात तर त्याहून वाईट: मान गोळीला सोडायला जागाच नाही, दाब उसळतो. त्यामुळे घडवल्यावर भिंत मायक्रोमीटरने मोजायची आणि जाड असेल तर आतून रीम (खरवडून रुंद) किंवा बाहेरून टर्न (कातून पातळ) करायचीच.

एक सोपी चाचणी सगळ्या काडतुसांना लागू: बार झालेल्या, अजून न दाबलेल्या पुंगळीच्या तोंडात नवी गोळी बोटाने अलगद सरकली पाहिजे. अडली तर थांबा, आधी मान तपासा.

क्रम: धुवा, तपासा, करवतीने ५८ च्या थोडे वर कापा (पाइप-कटरने तोंड आत वळते, म्हणून करवत), कडेवरचे धातूचे कंगोरे काढा, आतला (मान आतून रुंद करणारा) दांडा काढून टाकलेल्या ८×५७ डायमध्ये ल्युब लावून दाबा, लांबीला आणा, मान मोजा आणि रीम करा, मान-खांदा तापवा, मग दांडा लावून मान शेवटची मापाला आणा. आणखी एक: घडवलेल्या पुंगळीची आतली जागा कारखान्यातल्या ८×५७ पेक्षा कमी निघू शकते. दोन्ही पाणी भरून तोला. घडवलेलीत पाणी कमी मावत असेल तर तीच मात्रा जास्त दाब देते.

पितळकार

आणि ८ मि.मी. म्हणजे एकच नव्हे. जुन्या नळ्या ८.०८ मि.मी. गोळीच्या आहेत, नंतरच्या ८.२० च्या. नळी मोजल्याशिवाय गोळी घेऊ नका. हा पितळेचा मुद्दा नाही म्हणा, पण मानेचे वरचे गणित त्याच्यावरच उभे आहे.

बूड जुळत नसतानाही "जवळपास चालते" म्हणून वापरल्या जाणाऱ्या दोन जोड्या मुद्दाम सांगतो. ६.५×५५ साठी ३०-०६: बुडाशी ३०-०६ ११.९६, तर ६.५×५५ १२.१८ मि.मी. म्हणजे पाव मि.मी. कमी. बार झाल्यावर रिमच्या वर, बहुधा एकाच बाजूला फुगवटा दिसतो, कारण पुंगळी चेंबरच्या तळाशी पडून असते. ६.५×५५ च्या पुंगळ्या मिळत असताना हे का करावे ते मला कळत नाही. दुसरी, ७.५×५५ स्विससाठी २८४ विंचेस्टर. इथे अंग जुळवून घेता येते, पण २८४ ची रिम अंगापेक्षा बारीक आहे, १२.०१ विरुद्ध स्विसची जवळपास १२.६. एक्स्ट्रॅक्टरची (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याची) पकड तेवढ्यानेच कमी. चालते, पण रिकामी पुंगळी हाताने काढ-घाल करून पकड आधी तपासा.

नळी_१८९३

लष्करी साठ्याचे काय? आणि तापवण्याबद्दल प्रत्येक जण वेगळे सांगतो. काही जण म्हणतात, तापवून पाण्यात टाकले की पितळ पुन्हा कडक होते.

लेथवाला

पाण्याने पितळ कडक होत नाही. ते पोलादाचे झाले. काडतुसाच्या पितळात ७० टक्के तांबे, ३० टक्के जस्त, ते फक्त ठोकून-दाबून कडक होते आणि तापवून मऊ होते. पाणी कशासाठी, तर मानेची उष्णता बुडाकडे वाहू नये म्हणून.

बूड कधीही तापवायचे नाही. मऊ बूड म्हणजे प्रायमरची (दारू पेटवणाऱ्या टोपीची) जागा सैल, दाब सहन करायला कुणी नाही. पुंगळी सॉकेटमध्ये बसवून ड्रिलवर सावकाश फिरवा, ज्योत मान-खांद्याच्या सांध्यावर. तापमानाला वितळणारे रंग मिळतात: ४०० अंशाचा मानेत आतून, २३० चा खांद्याच्या सहा मि.मी. खाली अंगावर. वरचा वितळला की बाहेर, खालचा वितळला तर जास्त झाले. काही सेकंदांचे काम आहे. मान लालभडक दिसेपर्यंत थांबलात तर ती शिशासारखी मऊ होते आणि गोळीला धरत नाही.

कानस

लष्करी साठ्याबद्दल क्रमाने.

प्रायमरच्या छिद्रातून आत उजेड टाकून पाहा. मध्ये एक छिद्र म्हणजे बॉक्सर, बाजूला दोन बारीक छिद्रे म्हणजे बर्डान. बर्डानमध्ये ऐरण (प्रायमर जिच्यावर आपटून पेटतो तो उंचवटा) पुंगळीतच असते, नेहमीची पिन तिच्यावर आपटून मोडते. काढायला पाणी भरून ठोकण्याची पद्धत आहे, पण योग्य मापाचे बर्डान प्रायमर मिळत नसतील तर त्रास फुकट.

प्रायमरभोवती ठोकून कड वळवलेली असेल तर ती आधी दाबून किंवा कापून काढा, नाहीतर नवा प्रायमर तिरका बसतो.

पाऱ्याचा प्रायमर धूरविरहित दारूबरोबर उडालेली पुंगळी घेऊच नका. पारा पितळात मुरतो, ते ठिसूळ होते आणि धुऊन निघत नाही. क्षारयुक्त प्रायमरचा प्रश्न वेगळा, त्याचे मीठ गरम पाण्याने निघते, पुंगळी वाचते, नळी मात्र गंजते.

चौथे, न भरता नुसती ठेवलेली जुनी पुंगळीही चिरते. पितळात आतला ताण उरलेला असतो आणि अमोनियाची हवा लागली की मानेला उभ्या भेगा जातात. ब्रिटिश काळात भारतात पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेली काडतुसे अशी चिरत. १९२१ च्या सुमारास अमोनिया हे कारण म्हणून स्पष्ट झाले. त्यामुळे अमोनिया असलेले पॉलिश पुंगळ्यांना लावू नका. साठ्यातली एक पुंगळी घ्या, तोंड पक्कडीने अर्धे चेपा. वाकली तर बरी, कडकन तडकली तर सगळा साठा भंगार.

काळीदारू

४५-७० च्या जुन्या पुंगळ्या कुणाला मिळाल्या तर आत डोकावून पाहा. प्रायमरची वाटी तळातून उंचवट्यासारखी वर आलेली दिसली तर ती बलून हेड, बूड भरीव नाही. तिच्यात दारू जास्त मावते आणि ताकद कमी. संग्रहात ठेवा, भरू नका. ३८-५५ घेताना लांबी पाहा: जुन्या पद्धतीची २.१२५ इंच, नंतरच्या बनावटीची २.०८५. आखूड चेंबरमध्ये लांब पुंगळी घातली तर तोंड घशात जाऊन गोळीला आवळते. जुन्या नळ्यांना गोळीही जाड लागते, तेव्हा मानेची भिंत पातळ असलेली बनावट शोधा.

नळी_१८९३

३०३ च्या एकदा बार झालेल्या पुंगळ्यांना मानेची डाय नाही, पूर्ण डायच आहे. ती कशी लावायची म्हणजे खांदा मागे जाणार नाही?

लेथवाला

प्रेसचा रॅम (वर-खाली होणारा दांडा) वर करा, डाय शेलहोल्डरला (त्यावर पुंगळी धरणाऱ्या खाचेला) टेकवा, मग एक पूर्ण फेरी उलट फिरवून वर घ्या. पुंगळीचा खांदा काळ्या मार्करने रंगवा, ल्युब लावून दाबा. मानेचा वरचा भागच दाबला जाईल. पाव फेरीने डाय खाली आणत जा, प्रत्येक वेळी पुंगळी रायफलीत घालून बोल्ट बंद करून पाहा. डाय खाली येताना आधी अंग दाबले जाते आणि खांदा किंचित पुढे सरकतो, त्यामुळे एका टप्प्यावर बोल्ट आधीपेक्षा घट्ट लागेल. घाबरून जाऊ नका, तो अपेक्षितच आहे. त्यापुढे अगदी थोडे फिरवा, फेरीचा विसावा भाग. खांद्यावरचा काळा रंग नुकताच घासला गेला आणि बोल्ट जेमतेम जाणवेल अशा स्पर्शाने बंद झाला, की लॉक-रिंग आवळा. खांदा ०.०५ मि.मी. पेक्षा जास्त मागे नेऊ नका. ही सेटिंग त्या रायफलीच्या डब्यावर लिहून ठेवा.

मोजपट्टी

डब्यावर आणखी दोन नोंदी हव्यात: किती बार झाले आणि शेवटचे तापवले कधी. घडवलेल्या पुंगळ्यांच्या बुडावर जुनाच शिक्का राहतो, ३०-०६ लिहिलेले आणि आत ८×५७. अशा पुंगळ्यांच्या बुडावर कायमच्या शाईने रेघ मारा, डबा वेगळा ठेवा आणि दुसऱ्या कुणाला देऊ नका.